बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र आणि मोबाईलमधली फौज

जालना ही बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखली जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी उभी केली आणि पुढे कितीतरी बियाणे कंपन्या या शहराच्या आजूबाजूला उभ्या राहिल्या. त्यामुळे बियाण्याची पिशवी कशी असते हे आपल्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. पिशवीवर कपाशीचे झाड छापलेले असते. बुडापासून शेंड्यापर्यंत बोंडेच बोंडे, पाने हिरवीगार, बाजूला पांढराशुभ्र सदरा घातलेला हसरा शेतकरी. त्या चित्रात पावसाने दडी मारलेली नसते, गुलाबी बोंडअळी नसते, वेचणीला बाया मिळत नाहीत ही अडचण नसते आणि कर्जाचा हप्ता तर नसतोच नसतो. चित्र अगदीच खोटे असते असेही नाही. तसे झाड कुठेतरी, कधीतरी उभे राहिलेले असते. पण ते एका झाडाचे एका दिवसाचे चित्र. पीक मात्र सहा महिन्यांचे असते. म्हणून शहाणा शेतकरी चित्र पाहतो, हसतो आणि शेजारच्या शिवारात जाऊन त्या वाणाचा प्लॉट पाहून येतो.

हा दाखला आज शेतीसाठी देत नाही. फौजेत जाऊ पाहणाऱ्या आपल्या पोरांसाठी देतो आहे. त्यांच्या हातातही एक पिशवी आहे आणि तिच्यावरचे चित्र हलते, बोलते, गोळ्या झाडते. प्लॉट दाखवणारे मात्र कोणी नाही.

पारावरची फौज

पहाटे पाचला कोणत्याही रस्त्याला लागा. अंबड रस्ता असो, मंठा रस्ता असो की भोकरदनकडची वाट, अंधारात पोरे पळताना दिसतात. ही भरतीची पोरे. कोणाच्या मनात पोलीस भरती, कोणाच्या मनात जालन्यातला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३, तर कोणाच्या मनात अग्निवीर. बहुतेकांच्या घरी दोन-चार एकर कोरडवाहू जमीन. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या घरांच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्या घरांतली तेव्हाची लहान लेकरे आज भरतीच्या वयाची झाली आहेत. बापाने हाताने लावलेली बाग कुऱ्हाडीने तोडताना त्यांनी पाहिली आहे. शेतीवर त्यांचा भरवसा राहिला नाही, त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. अंगावर वर्दी आणि महिन्याला खात्यात पगार, एवढे सोपे आणि सरळ त्यांचे स्वप्न आहे.

हीच पोरे रात्री जेवणे झाली की पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर चौघे-चौघे बसतात. माना खाली, कानात वायरी आणि तोंडाने सारखे चालू: "डावीकडं बघ, डावीकडं! आडवा हो! आरं मला उठव ना लवकर!" नवख्या माणसाला वाटावे की खरीच चकमक चालू आहे. हा खेळ म्हणजे पब्जी, त्याचा भारतातला अवतार बीजीएमआय किंवा फ्री फायर. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाईलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला तीनच तास खेळता येईल असे कंपनीने ठरवून दिले आहे. पण वय लिहायचे पोरानेच आणि नंबर बापाचा. तेव्हा तो नियम कागदावरच राहिला.

माझे काम बांधावरचे. पण आता बांधावरचेही निम्मे काम मोबाईलवर आले. ई-पीक पाहणी असो की अनुदानाचा अर्ज, बाप म्हणतो, "थांबा सायेब, पोराला बोलावतो." पोरगा येतो, काम होते आणि दोन गोष्टी बोलणे होते. अशा वेळी मी बरेचदा विचारतो, फौजेत काय काम करावे लागेल असे वाटते? उत्तर ठरलेले. कोणाला स्नायपर व्हायचे असते, कोणाला कमांडो. एम-फोर-वन-सिक्स भारी की एकेएम, कोणती बंदूक किती लांब मारते, कोणत्या दुर्बिणीने किती जवळ दिसते, सगळे तोंडपाठ. मग विचारावे, जनरल ड्यूटी आणि ट्रेड्समन यात फरक काय? ट्रेनिंग सेंटर कुठे असते? वर्षाला रजा किती? चार वर्षांनी पुढे काय? इथे गडी थांबतो आणि मित्राच्या तोंडाकडे बघतो.

पोरे मूर्ख नाहीत. खेळ खेळ आहे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. खेळ खेळून पोरे हिंसक होतात अशी जी ओरड होते, तीही मला पटत नाही. अडचण वेगळी आहे. एखाद्या गोष्टीची खरी माहिती नसली की मन जवळचे चित्र उचलते आणि मोकळी जागा भरून काढते. आपल्या पोरांच्या मनात फौजेची जागा मोकळी होती. ती मोबाईलने भरली.

चित्रात काय नसते

या खेळात शंभर खेळाडू विमानातून बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. अर्ध्या तासात डाव आटोपतो. बंदूक घरात, रस्त्यावर पडलेली सापडते, ती आपली. गोळी लागली तर पट्टी बांधली की रक्त भरून येते. पडलो तर सोबती उठवतो. मेलोच तर दुसरा डाव. कुठे जायचे, कोणाला मारायचे, कधी पळायचे, सगळे आपल्या मर्जीने.

आता खऱ्या फौजेत बघा. पहिली गोष्ट, बंदूक आपली नसते. ती सरकारची असते. कोतमधून सही करून घ्यायची, साफ करून परत करायची. फायरिंगच्या मैदानावर मोजून गोळ्या मिळतात आणि झाडलेल्या गोळीचे रिकामे खोकेसुद्धा मोजून जमा करावे लागते. खोके कमी भरले तर गवतात हुडकत बसायचे. दुसरी गोष्ट, मर्जी आपली नसते. उठायचे कधी, दाढी करायची कधी, पलंगावरची चादर कशी घालायची, हे सगळे हुकमाने. शिकवणाऱ्याला तिथे 'उस्ताद' म्हणतात आणि उस्तादाला 'कामून' असे विचारायचे नसते. पीटी, परेड, हत्याराची साफसफाई, मैदानाची झाडलोट, रात्रीचा पहारा. मोबाईल जमा असतो आणि ठरल्या वेळेलाच हातात येतो. ज्या मोबाईलने फौजेचे चित्र दाखवले, तोच पहिल्या दिवशी काढून घेतला जातो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

भोकरदन तालुक्यातले एक निवृत्त हवालदार आहेत. सतरा वर्षे नोकरी केली, आता तूर आणि सोयाबीन करतात. त्यांना एकदा विचारले की फौजेत सगळ्यात जास्त काय केले? ते म्हणाले, "वाट पाहिली. गाडीची, हुकमाची, चिठ्ठीची, रजेची, उजाडायची. त्याच्या खालोखाल वझं वाहिलं. त्याच्या खालोखाल खोदलं." गोळीबाराचे नाव त्यांनी घेतले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ते बी केलं, पर त्याचा हिशोब मिनिटांत होईल. बाकीच्याचा वर्षांत." कुठलाही खेळ बनवणारा हे दाखवू शकणार नाही, कारण दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत अंधारात नुसते उभे राहायचा खेळ कोण खेळेल? पण तोच पहारा हे सैनिकाचे खरे काम आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर वेचणी आठ दिवसांची असते आणि निंदणी-खुरपणी सगळ्या हंगामाची.

गलवानचेच घ्या. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्या रात्री बंदुकीची एक गोळी सुटली नाही. दगड, काठ्या, खिळे ठोकलेले दंडुके, सोबत उंची, थंडी आणि बर्फासारखे पाणी. सातच महिन्यांनी, २६ जानेवारी २०२१ ला, 'फौजी' नावाचा खेळ त्याच गलवानवर निघाला. त्यात मारामारी दाखवता आली. पण इतक्या उंचीवरच्या विरळ हवेत धाप कशी लागते, ओल्या कपड्यांनी अंग कसे आखडते, हे बोटाने पडदा घासून कसे कळावे?

आणि सियाचीन. १९८४ पासून आपले जवान तिथे उभे आहेत. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने अधिक जवान नेले आहेत. सैलानी बाबांच्या यात्रेमुळे आपल्याकडे सर्वांना माहीत असलेले पिंपळगाव सराई हे गाव आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. तिथला अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. तो लढाईत गेला नाही आणि गोळीनेही गेला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, नाशिकजवळ देवळालीला तोफेच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर मरण पावले. ही नावे घेण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. सांगायचे एवढेच की फौजेतला धोका पडद्यावर दिसतो तसा समोरून बंदूक रोखून येत नाही. तो हवेत असतो, डोंगरात असतो, सरावाच्या मैदानावर असतो. आणि तिथे दुसरा डाव नसतो.

असईचे मैदान आपल्याच जिल्ह्यात

लढाई म्हणजे काय हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. २३ सप्टेंबर १८०३ ची प्रसिद्ध असईची लढाई आपल्याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात झाली. एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत निकाल असतो. पण त्या दिवसाचा हिशोब बघा. वेलस्लीचे शिपाई लढाईला उभे राहण्याआधी सकाळपासून सुमारे वीस मैल चालून आले होते. त्यानंतर नदी ओलांडली आणि मग तोफांच्या तोंडी गेले. लढाई दुपारी काही तास चालली आणि जिंकलेल्या बाजूचेच दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. म्हणजे जिंकणे तेवढे महाग होते आणि त्याच्या आधी वीस मैल पायी चालणे होते. त्या काळापासून आजपर्यंत बंदुका बदलल्या, गाड्या आल्या, रेडिओ आले. पण शिपायाचे पहिले हत्यार पाय हेच राहिले. म्हणूनच भरतीच्या मैदानावर आजही परीक्षा धावण्याची असते, नेमबाजीची नव्हे. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळाला तर पूर्ण ६० गुण आणि दहा बीम काढले तर ४० गुण. बंदूक कशी धरायची हे शिकवायला फौज समर्थ आहे. दम मात्र घरून आणावा लागतो.

पिशवी कोण छापते

पिशवीवरचे चित्र एकटा खेळच छापतो असे नाही. अमेरिकेच्या लष्कराने तर ४ जुलै २००२ रोजी 'अमेरिकाज आर्मी' नावाचा खेळ स्वतःच काढला आणि तो फुकट वाटला. हेतू उघड होता, तरुणांना फौजेची ओढ लागावी. वीस वर्षे चालवून २०२२ मध्ये त्यांनी तो बंद केला. एवढ्या मोठ्या देशाच्या लष्कराला जर वाटले की खेळातून पोराच्या मनात फौज पेरता येते, तर खेळ मनावर काहीच करीत नाही असे आपण म्हणण्यात अर्थ नाही.

 आपल्याकडे भरतीच्या नावाने निघालेल्या काही अकॅडम्यांचे फलक पाहा. तोंडाला काळे फासलेला कमांडो, मागे हेलिकॉप्टर, खाली 'शंभर टक्के निकाल'. ही तीच पिशवी. त्या फलकावर कोणी लिहीत नाही की २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी संगणकावर लेखी परीक्षा होते, त्यात सामान्य ज्ञान, विज्ञान आणि गणित असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पोरगा वर्षभर पळतो, रात्री खेळतो आणि वही उघडत नाही. मग मैदानापर्यंत पोहोचायच्या आतच नाव गळते. पळण्यात नव्हे, त्रैराशिकात गळते.

ट्रेड्समनचेही तसेच. स्वयंपाकी, धोबी, केस कापणारा, मेसमध्ये वाढणारा, ही सगळी कामे फौजेत असतात आणि त्यांच्यासाठी रीतसर भरती होते. काम कुठलेच हलके नाही. सियाचीनच्या चौकीवर गरम जेवण देणारा माणूस तिथल्या कोणाही जवानाइतकाच लागतो. पण कमांडोचे चित्र मनात धरून ट्रेड्समनचा फॉर्म भरला आणि हातात झारा आला, तर त्या पोराची काय गत होईल? त्याला आधी कोणी सांगितले असते तर तो आनंदाने गेला असता किंवा शहाणपणाने थांबला असता.

लष्करालाही हा प्रश्न उमगला असावा. अलीकडच्या भरतीत मैदानावर 'अनुकूलता चाचणी' घेतात. घर सोडून, हुकमात, चार प्रांतांच्या पोरांत हा मुलगा रुळेल का, हे त्यातून पाहतात. चाचणी मोबाईलवर असते, त्यासाठी उमेदवाराने चार्ज केलेला मोबाईल बरोबर आणायचा असतो. म्हणजे मोबाईल तिथेही लागतो, पण तिथे त्याच्यावर बंदूक नसते, प्रश्न असतात.

चार वर्षांचे पीक

सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. साडेसतराव्या वर्षापासून पोरगा जाऊ शकतो. मुदत चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा जवान कायम होतात, बाकीचे घरी येतात. योजना जाहीर झाली तेव्हाचा हिशोब असा: पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार सेवानिधीला जातात आणि हातात २१ हजार पडतात. चौथ्या वर्षी ४० हजार, हातात २८ हजार. सरकार तेवढीच भर घालते आणि शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, त्यावर प्राप्तिकर नाही. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. वर्षाला ३० दिवस रजा. आणि अगदी अपवाद सोडला तर मधूनच 'मला जमत नाही' म्हणून स्वतःच्या इच्छेने निघून येता येत नाही.

या योजनेवर राजकारणी मंडळींत पुष्कळ वाद झाले. तो वाद इथे नको. आपल्याला पाहायचे ते एवढेच, की हा करार अर्ध्या तासाचा डाव नव्हे. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्यावर सही करतो, बाप शेजारी उभा राहतो आणि दोघांपैकी कोणीही आतला मजकूर नीट वाचलेला नसतो. आपण ५० किलोच्या खताच्या गोणीवरचे नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे वाचायला शिकलो. लेकराच्या चार वर्षांचे आकडे वाचायला नकोत का?

जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू झाले, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या शेवटाला भरतात. चौघांतले निदान तिघे तरुणपणीच परत येतील. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा २०२२ मध्येच जाहीर झाल्या आहेत, पण सगळेच तिथे लागतील असे नाही. ११ लाख ७१ हजारांत आपल्या तालुक्यातल्या जमिनीच्या भावाने किती येते याचा हिशोब ज्याने त्याने करावा. त्यातून शेततळे, ठिबक, शेळीपालन, दुकान, पुढचे शिक्षण काय करायचे हा विचार जाण्याआधी झाला पाहिजे. ज्याने फौज म्हणजे बंदूक एवढेच पाहिले, तो परत आल्यावर रिकामा होईल. ज्याने फौज म्हणजे शिस्त, वाहन चालवणे, यंत्र दुरुस्ती, नकाशा वाचणे, हिशोब ठेवणे असे पाहिले, तो काहीतरी घेऊन येईल. एकाच शेतात एकच वाण पेरून मशागतीवर उत्पन्न दुप्पट-निमपट होते, तसेच हे.

मोबाईल फोडून उपयोग नाही

यावर आई-बाप म्हणतील, मग मोबाईलच काढून घ्यावा. एका गावात एका बापाने पोराचा मोबाईल दगडाने ठेचला. पोरगा दुसऱ्या दिवशी मित्राच्या मोबाईलवर खेळू लागला आणि बापाशी बोलायचा बंद झाला. नुकसान दुहेरी.

दुसऱ्या बाजूने पोरेही काही बोलतात, ते ऐकून घेतले पाहिजे. एक जण म्हणाला, "सायेब, आमी चौघं मिळून खेळतो, एकमेकाला वाऱ्यावर सोडत न्हाई. हे बी फौजेतच कामाला येतं ना?" त्याचे म्हणणे खोटे नाही. सोबत्याला पडलेला सोडून न जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. नकाशा वाचायची सवय लागते हेही खरे. पण त्याच पोराला मी विचारले, सोबत्याला उठवायला खेळात किती वेळ लागतो? म्हणाला, दहा सेकंद. साठ-सत्तर किलोचा माणूस पाठीवर घेऊन ढेकळातून दोनशे पावले चालून बघ म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नांगरटीत खरेच करून पाहिले आणि हसत सांगायला आले, की शंभर पावलांत बसलो. मला वाटते त्या शंभर पावलांत त्याला जे कळले ते माझ्या या लेखातून कळणार नाही. खेळ बंद करण्यापेक्षा खेळाच्या शेजारी असे खरे काहीतरी ठेवले पाहिजे.

प्लॉट दाखवा

सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला आपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तिथे घरोघरी फौज आहे. तिथल्या पोराला फौज कशी असते हे पब्जीला विचारावे लागत नाही. आजा सांगतो, चुलता सांगतो, आणि आजी तर जास्तच सांगते, कारण वाट तिने पाहिलेली असते. आपल्या मराठवाड्यात तशी परंपरा दाट नाही. गावात एखाद-दुसरा माजी सैनिक, तोही मितभाषी. पोरे त्याला वचकून असतात आणि तो पोरांना 'मोबाईलची पिढी' म्हणून बाजूला सारतो. दोघांच्या मध्ये जी जागा उरते तिथे खेळ येऊन बसला आहे.

कृषी खात्यात आम्ही नवे वाण आणले की भाषण कमी आणि शिवार फेरी जास्त करतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ तूर गावोगाव पोहोचली ती पत्रके वाटून नव्हे. एकाने पेरली, दहा जणांनी त्याच्या बांधावर उभे राहून शेंगा मोजल्या, मग पेरली. फौजेच्या बाबतीतही हीच रीत धरावी असे मला वाटते. खर्च काहीच नाही.

गावातला जवान रजेवर आला की त्याचे सत्कार होतात, हार-तुरे होतात, फोटो निघतात. त्यातला एक तास पोरांना द्यावा. त्याने कुठे नेमणूक आहे, तिथे काय आहे, हे सांगू नये. ते त्याला सांगताही येत नाही आणि पोरांनी विचारूही नये. त्याने फक्त आपला एक दिवस सांगावा, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत. पहिल्या महिन्यात रडू आले का, हे सांगावे. घरी म्हातारी आजारी पडली आणि रजा मिळाली नाही तेव्हा काय केले, हे सांगावे. पगारातले किती घरी पाठवले, हे सांगावे. काय आवडले, कशाचा अभिमान वाटला, हेही सांगावे. कारण ते खरे असते आणि खेळातल्या अभिमानापेक्षा फार मोठे असते. या बैठकीला आई-बहिणींना जरूर बसवावे. पोरे जे विचारायला लाजतात ते त्या विचारतील.

जालन्यातही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आपल्या जिल्ह्याची भरती छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे आहे आणि भरतीची जाहिरात त्यांच्या नावाने निघते. ती जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, वयाची अट, शिक्षण, ट्रेड, मुदत, पैसा सगळे. शाळेच्या मास्तरांनी लेखी परीक्षेचे गणित आठवड्यातून दोन संध्याकाळी घ्यावे. पारावर चौघे जमतातच, फक्त चौघांच्या मध्ये एक वही यायची आहे.

आणि शेवटी माजी सैनिकांना विनंती. दादा, तुम्ही बोलत नाही. तुम्हाला वाटते, आपण काय सांगायचे, आपण कुठे मोठे युद्ध मारले? नेमके तेच सांगायचे आहे. बर्फात उभा राहिलेला पहारा, वाहिलेले ओझे, चुकलेले सण, पलटणीतल्या तामिळ सोबत्याने वाटून खाल्लेला डबा, हे सगळे या पोरांना कुठल्याही पडद्यावर मिळत नाही. येत्या राष्ट्रीय सणाला झेंडावंदन झाले की लगेच घरी जाऊ नका. पोरांना शाळेच्या ओट्यावर बसवा आणि अर्धा तास बोला. ऐकून काही पोरे म्हणतील, हे आपले काम नव्हे. ती दुसऱ्या वाटेला लागतील आणि चार वर्षे वाचतील. बाकीची म्हणतील, हेच करायचे. ती जातील तेव्हा काय पेरायला चाललो हे त्यांना माहीत असेल.